काकांना आवडलेला चौकोन

काकांनी हॉस्पिटलच्या कागदाचं कौतुक करायला फोन केला तेव्हा दुपारचे बारा वाजून चार मिनिटं झाली होती. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण काका घड्याळजी आहेत आणि फोनवर 'हॅलो'च्या जागी वेळ सांगतात.

"बारा चार," काका म्हणाले. "तुमचा कागद फार छान आहे."

माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात काकांनी दोनच गोष्टींना छान म्हटलेलं मी ऐकलं होतं. एक मावशी आणि दुसरा एक स्क्रू. त्यामुळे मी कान टवकारले.

"काय आवडलं, काका?"

"चौकोन. प्रत्येक गोळीपुढे खूण करायला चौकोन दिलाय. सकाळी आठला गोळी दिली, चौकोनात खूण केली. आता दोनला देईन, दुसऱ्या चौकोनात करीन. चुकायची सोयच नाही. हे डोकं कोणाचं?"

मी खुर्चीत बसलेलोच होतो, तरी मला बसावंसं वाटलं.

त्या कागदावर चौकोन नव्हते. म्हणजे असायला नको होते. तो कागद मीच बनवला होता, आणि जिथे चौकोन दिसत होते तिथे 'अर्धी' असं असायला हवं होतं.

आमच्या खोलीच्या दारावर 'भाषा व फलक' अशी पाटी आहे. खोली हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून आहे. बारा महिने साबणाच्या वाफेचा वास येतो, आणि आमच्यावर कोणी कितीही चिडलं तरी खोली सोडून जाताना स्वच्छ वास घेऊन जातं. हॉस्पिटलात येणारी माणसं सात भाषा बोलतात आणि त्या पाच लिप्यांत लिहितात. त्या सगळ्यांसाठी फॉर्म, पाट्या आणि औषधांचे कागद बनवणं आणि त्यासाठी फॉन्ट निवडणं हे माझं काम. पाचांपैकी दोन लिप्या मला वाचता येतात. उरलेल्या तिघींना मी चाळीतल्या शेजाऱ्यांसारखा चेहऱ्याने ओळखतो. आत काय चाललंय ते माहीत नाही.

फॉन्टचं एक आहे. त्याच्याकडे एखादं चिन्ह नसलं की तो तसं सांगत नाही. त्या जागी गुपचूप एक रिकामा चौकोन ठेवून देतो. बाकी काही नसेल, पण हा चौकोन झाडून सगळ्या फॉन्टांकडे असतो.

काकांच्या लिपीत अर्ध्याला एकच चिन्ह आहे: उभी खुंटी आणि डोक्यावर टिंब. वाचता येत नसलं तरी ते मला चांगलं माहीत होतं. मावशीने मला लहानाचं मोठं केलं, आणि तिच्या घरात काकांनी स्वतः बनवलेलं लंबकाचं घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर आकडे काकांच्या लिपीतले आणि दर दोन आकड्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची खुंटी. अठरा वर्षं मी त्या खुंट्यांकडे बघत जेवलो होतो.

मावशीच्या हृदयाची लय बिघडली म्हणून तिला दहा दिवस आमच्याकडे ठेवलं होतं. काल संध्याकाळी घरी सोडलं. गोळी अर्धी सकाळी आठला आणि अर्धी दुपारी दोनला, महिनाभर.

काकांनी सकाळी पूर्ण दिली होती. आणि चौकोनात खूण केली होती.

"काका," मी म्हणालो, "दोनची गोळी देऊ नका."

"का?"

"ती पूर्ण नाही, अर्धी द्यायची असते."

"कागदावर गोळी लिहिलंय."

"कागद चुकलाय."

"कागदावर शिक्का आहे, सही आहे, नंबर आहे. तू तोंडी सांगतोयस."

इथे काकांबद्दल सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना फोनवरून एका लग्नाची जागा आणि वेळ सांगितली होती. काका अगदी वेळेवर गेले. आहेर दिला, जेवले, नवऱ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा नवरा आपला नव्हे. त्या अनोळखी घराने तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय म्हणे. तेव्हापासून काका तोंडी काही ऐकत नाहीत. दुकानातसुद्धा, घड्याळ बंद पडलंय हे गिऱ्हाइकाने लिहून द्यावं लागतं.

"मावशीला फोन द्या."

"झोपलीये. आठपासून झोपलीये. इतकी शांत झोप मी तिला कधी लागलेली पाहिली नाही. औषध उत्तम आहे तुमचं."



"काका, तुम्ही फक्त दोनपर्यंत..."

"बारा सात," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. काका निरोपही वेळेतच घेतात.

मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्टही होती, पण लिफ्टवाला आमच्या खात्यात एका भाषेचा 'वाचणारा' आहे, आणि त्याला लिफ्टमध्ये भेटलं की तो दोन मजल्यांमध्ये लिफ्ट थांबवून शुद्धलेखनावर बोलतो.

हे वाचणारे म्हणजे आमची खास पद्धत. हॉस्पिटलात भाषातज्ज्ञ ठेवलेले नाहीत. ज्याला जी भाषा येते त्याला तो कागद दाखवायचा, आणि त्याने खाली 'बरोबर' लिहून सही करायची. एक भाषा लिफ्टवाला बघतो, एक धुलाईखान्यातल्या बाई, एक तर चक्क पोटाचा जुना पेशंट बघतो, त्यामुळे त्याला बरं होऊ देताना सगळ्यांना जरा वाईटच वाटतं. सातवी भाषा, म्हणजे काकांची, वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून तिचे कागदच नव्हते. मावशी दाखल झाली आणि मी काकांना तळघरात आणून माझ्या संगणकावरून छापलेला कागद दाखवला. त्यांनी भिंग लावून तो नमुना वाचला, तेव्हा औषध ठरायचं होतं. 'बरोबर' लिहिलं. सही केली. सहीखाली वेळ घातली.

आणि तो बरोबरच होता. माझ्या संगणकावर तीनशेच्या वर फॉन्ट आहेत. एखाद्याकडे एखादं चिन्ह नसलं की संगणक न विचारता दुसऱ्याकडून मागून आणतो, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणून पाहुण्यांना बसवावं तसं. पाहुण्यांना वाटतं, घरात खुर्च्या भरपूर आहेत. वॉर्डातल्या मशीनवर मात्र एकच फॉन्ट, आणि औषधाचा कागद निघतो तो फक्त तिथूनच. तिथे शेजारीच नव्हता.

वॉर्डातल्या मशीनवर आधी एक प्रत काढून बघायची असते. हा नियम मीच लिहिलाय, सहा भाषांत. पण काल मावशी पाच वाजता निघणार होती, आणि काकांच्या हातात त्यांच्या अक्षरातला कागद द्यायची मला घाई झाली होती.

लहान डॉक्टर वॉर्डातच होते. ते सव्वासहा फूट उंच आहेत, पण मोठे डॉक्टर वेगळे असल्यामुळे हे लहान. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त हातातलं पेन त्यांनी खिशाला लावलं, आणि ते मला आवडलं नाही.

"सकाळी पूर्ण गेली?"

"हो."

"म्हणजे दोनची अर्धी आधीच पोटात आहे. आज दोनला काही द्यायचं नाही. पूर्ण तर अजिबात नाही. नाडी फार खाली जाईल."

"फार म्हणजे?"

त्यांनी काकांना फोन लावला.

"बारा एकवीस," काका म्हणाले. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

डॉक्टरांनी आपण कोण ते सांगितलं आणि नाडी मोजायला सांगितली. मोजणं म्हणजे काकांच्या घरचंच काम. मिनिटभर त्यांनी मोजलं. मागून त्या घड्याळाचा लंबक ऐकू येत होता.

"चोपन्न," काका म्हणाले. "एकोणिसावा ठोका जरा उशिरा पडला."

"शाब्बास. आता ऐका, दोनची गोळी देऊ नका."

"लेखी पाठवा," काका नम्रपणे म्हणाले.

"अहो, मी डॉक्टर बोलतोय!"

"असाल. मी तुमचा आवाज ओळखत नाही. तुमची सही ओळखतो. बारा तेवीस."

डॉक्टरांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तुमचे सख्खे काका?"

"मावशीचे यजमान."

"नाडी पन्नासच्या खाली गेली तर मी गाडी पाठवतो. पण गोळी गेल्यावर गाडी पाठवून पळत बसण्यापेक्षा ती जाऊच द्यायला नको. कागद घेऊन जा."

"'आज दोनला देऊ नये' असं छापून मिळेल?"

सिस्टर मशीनपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "मशीनमध्ये ठरलेली एकशेबारा वाक्यं आहेत. 'देऊ नये' नाहीये. 'सूर्यप्रकाशात ठेवू नये' आहे. मावशीला सावलीत ठेवायचं असेल तर सांग."

"सिस्टर!"

"चिडू नकोस रे. अर्धीचा कागद बरोबर काढून दे, मी लगेच छापते. पूर्णऐवजी निदान अर्धी जाईल. बाकीचं तू तिथे जाऊन तोंडाने सांग."

तोंडाने. काकांना. मी तळघराकडे धावलो.

बारा चाळीस. माझ्या यादीत काकांची लिपी येते असं सांगणारे तीन फॉन्ट होते. 'येते' हा शब्द फॉन्टच्या बाबतीत सांभाळून घ्यावा लागतो. मलाही पोहता येतं, असं मी अर्जात लिहिलंय.

पहिला म्हणजे आमचा लाडका 'भावंडं'. हे नाव मॅडमनी ठेवलेलं. मॅडम म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख. सातही भाषा एका घरातल्या भावंडांसारख्या दिसल्या पाहिजेत ही त्यांची अट, आणि सातही भाषा येतात म्हणून सांगणारा तो एकच निघाला. दिसायला देखणा. आज मी त्याचं पोट उघडून एकेक चिन्ह पाहिलं. अक्षरं सगळी. आकडे सगळे. खुंटी नाही. सहा भावंडं धडधाकट, सातव्याला अर्धं येत नाही.

दुसऱ्यात खुंटी होती. मी जवळजवळ ओरडलो. मग त्याचा कागद काढला आणि आमच्या पद्धतीने तपासला: काकांनी सही केलेली प्रत खिडकीच्या काचेला लावायची आणि तिच्यावर नवी प्रत धरायची. उजेडात दोन्ही एकमेकांवर बसतात. भाषा येत नसली तरी काय हललंय ते दिसतं. आमची खिडकी रस्त्याच्या पातळीवर आहे, त्यामुळे काकांच्या भाषेच्या मागून लोकांचे बूट चालत होते. बुटांच्या पुढे मला दिसलं, की अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा एकेक घर सरकल्या होत्या. प्रत्येक अक्षराने शेजाऱ्याची टोपी घातली होती. त्याचा अर्थ काय होतो मला कळत नव्हतं, आणि औषधाच्या कागदावर तेच सर्वांत वाईट.

बारा त्रेपन्न.

तिसरा फॉन्ट इतका जाडा आणि ओबडधोबड होता, की कोणी बोटांऐवजी बूट शाईत बुडवून काढला असावा. मी त्याला 'बूट'च म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी गंमत म्हणून ठेवून घेतला होता. काचेवर लावला. जाडीमुळे तो जुन्या प्रतीच्या चारी बाजूंनी बाहेर येत होता, पण टोप्या ज्याच्या त्याच्या डोक्यावर होत्या. जोडाक्षरं जोडलेली होती. आणि गोळीच्या शब्दाअगोदर खुंटी उभी होती, डोक्यावर टिंब घेऊन, घरच्या घड्याळावर असते तशी.

आता तो वॉर्डातल्या मशीनवर चढवायचा होता. त्याचा पासवर्ड एकट्या मॅडमना माहीत.

मॅडम पहिल्या मजल्यावर बैठकीत होत्या. दुसऱ्या हॉस्पिटलातून पाच पाहुणे आले होते आणि पडद्यावर भला मोठा 'भावंडं' झळकत होता. मी आत शिरलो तेव्हा मॅडम सांगत होत्या, "सात भाषा, एक चेहरा."

"मॅडम, एक चेहरा पडलाय," मी म्हणालो.

पाहुण्यांपैकी एकाने हे लिहून घेतलं.

मॅडम मला घेऊन दारापाशी आल्या. मी अर्ध्या मिनिटात सांगितलं आणि 'बूट'चा कागद पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"हे काय आहे?"

"फॉन्ट."

"नक्की?"

"सगळी चिन्हं आहेत. काचेवर लावून बघितलाय."

"वाचणाऱ्याची सही कुठाय? सहीशिवाय मशीनवर काही चढवायचं नाही. तुम्हीच लिहिलाय ना तो नियम?"

"वाचणारा गोळी हातात घेऊन बसलाय, मॅडम."

त्या थांबल्या. घड्याळ पाहिलं. एक वाजून अकरा मिनिटं. मला वाटलं, आता त्या म्हणतील अर्ज द्या. मी मनातल्या मनात अर्जाचा विषयसुद्धा ठरवला.

"मावशी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"झोपली आहे."

मॅडमनी पाहुण्यांकडे वळून सांगितलं, "पाच मिनिटं हा चेहरा बघत बसा," आणि त्या जिन्याकडे चालू लागल्या. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दोन पायऱ्या सोडून चढत होत्या.

वॉर्डात त्यांनी पासवर्ड घातला. तो चुकला. पुन्हा घातला. पुन्हा चुकला. "तिसऱ्यांदा चुकला तर मशीन तासभर बंद," सिस्टरांनी माहिती दिली. मॅडमनी हात झटकले, डोळे मिटले आणि एकेक अक्षर बोटाने टोचत घातलं. मशीन उघडलं. माझं लक्ष गेलं नसतं, पण पासवर्ड घालताना त्या ओठांनी पुटपुटत होत्या, आणि तो शब्द 'सुंदर' होता.

'बूट' चढला. सिस्टरांनी बटण दाबलं. मशीनने घसा खाकरला आणि कागद हळूहळू बाहेर ढकलला, काळा, जाडा, कुरूप. अकराव्या ओळीवर खुंटी होती. बारावीवरही होती. चौकोन एकही नव्हता. डॉक्टरांनी सही केली, सिस्टरांनी शिक्का मारला आणि फुंकर घातली.

"एक सव्वीस," मी म्हणालो. मलाही सवय लागत चालली होती.

टॅक्सी पुलापर्यंत नीट गेली. पुलावर पुढे एक ट्रक आडवा होता. त्यात गाद्या होत्या आणि त्यातल्या काही रस्त्यावर पडल्या होत्या. एक मोटारसायकलवाला त्यातल्या एका गादीवर आडवा झाला होता. पडल्यामुळे की सोयीमुळे, कळलं नाही. मी चालकाला नोट दिली, उतरलो आणि कागद शर्टाच्या आत घालून पळत सुटलो. पळता पळता काकांना फोन लावला.

"एक एकेचाळीस."

"काका, कागद आणतोय! लेखी! दोनच्या आत पोचतो!"

"दोनच्या आत आलास तर बघू."

"नाही आलो तर?"

"तर माझ्याकडे एक कागद आहेच."

"नाडी मोजा ना परत."

काका मोजायला लागले. मी धावत होतो, त्यामुळे मला माझाच ठोका ऐकू येत होता, आणि तो चोपन्नच्या फार वर होता.

"एक्कावन्न," काका म्हणाले. या वेळी त्यांनी निरोपाची वेळ सांगितली नाही.

मावशीचं घर चौथ्या मजल्यावर आहे. मी दार ढकललं तेव्हा घड्याळात दोनला दोन मिनिटं कमी होती. काकांचं घड्याळ, म्हणजे वादाचा प्रश्नच नव्हता.

मावशी पलंगावर कुशीवर होती. चेहरा कागदासारखा. शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला, बशीत गोळी, पूर्ण, पांढरी. काका खुर्चीत ताठ बसले होते, कपाळावर भिंग चढवलेलं, गुडघ्यावर कालचा कागद आणि हातात पेन, खूण करायला तयार.

मी कागद पुढे केला. बोलायला श्वासच नव्हता.

काकांनी आधी शिक्का पाहिला. मग सही. मग नंबर जुन्या कागदाशी ताडून पाहिला. मग भिंग डोळ्यावर ओढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"अकरावी ओळ," मी धापा टाकत म्हणालो. "काका, अकरावी बघा."

"कागद वरून वाचतात," काका म्हणाले.

लंबक हलत होता. काका वाचत होते. पहिली ओळ हॉस्पिटलचं नाव. दुसरी पत्ता. घड्याळाच्या आतून तो छोटा करकर आवाज आला, ठोका पडायच्या आधी येतो तो. लहानपणी या आवाजाला मी ताटावरून उठायचो. काका चौथ्या ओळीवर होते. त्यांचं बोट कागदावर सरकत होतं आणि दुसरा हात आपोआप बशीकडे निघाला होता. दोन म्हणजे दोन. त्यांच्याकडे एक पूर्ण वाचलेला कागद होता आणि एक अर्धा.

मी ती गोळी उचलून खिडकीबाहेर फेकू शकलो असतो. बाटलीत अजून अठ्ठावीस होत्या.

काकांचा हात बशीपाशी थांबला. त्यांनी गोळीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग ते उठले, भिंतीपाशी गेले, काच उघडली आणि लंबकाला बोट लावलं.

घड्याळ थांबलं.

मी त्या घरात वाढलो. ते घड्याळ थांबलेलं मी कधीही पाहिलं नव्हतं. खोलीत इतकी शांतता झाली की मावशीचा श्वास ऐकू आला. एक. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

एक बोट लंबकावर ठेवून, उभ्यानेच, काका पुढे वाचत राहिले. पाच. सहा. नऊ. दहाव्या ओळीवर अडखळले, परत मागे गेले. अकरावी.

भिंग कागदाच्या अगदी जवळ गेलं. मग त्यांनी जुना कागद उचलला आणि दोन्ही शेजारी धरले. चौकोन आणि खुंटी. सकाळची खूण अजून चौकोनात होती, नीटनेटकी.

"अर्धी," काका म्हणाले. आवाज लहान झाला होता. "मी पूर्ण दिली."

"तुमची चूक नाही. माझी आहे. फॉन्टकडे ती खूण नव्हती आणि मी तपासलं नाही. काका, डॉक्टर म्हणाले, आज दोनला काहीच द्यायचं नाही. हे मात्र छापून मिळालं नाही. हे तोंडी आहे."

मी वाट पाहिली. काका माझ्याकडे बघत होते, कोणी न लिहिता घड्याळ आणून ठेवल्यावर बघतात तसे.

"सकाळी एक पूर्ण गेली," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे दोन अर्ध्या. म्हणजे आठची गेली आणि दोनचीही गेली." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "ही सहा तास पुढे गेलीये."

"हो."

"ठोक्याचं घड्याळ पुढे गेलं तर काटे मागे फिरवत नाहीत. आत मोडतं. लंबक थांबवायचा आणि वेळ येईपर्यंत वाट बघायची." त्यांनी बशीतली गोळी उचलली, बाटलीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. "हे मला कोणी लिहून द्यायची गरज नाही."

मग ते पलंगाच्या कडेला बसले आणि मावशीचं मनगट हातात घेतलं. समोरचं घड्याळ बंद होतं, म्हणून माझ्या मनगटावरच्या स्वस्त घड्याळाकडे बघत मोजलं. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी बढती होती.

पन्नास. डॉक्टरांना कळवलं. पाऊण तासाने एक्कावन्न. साडेतीनला पंचावन्न.  चारला साठ झाले आणि मावशीने डोळे न उघडता विचारलं, "घड्याळ का बंद आहे?"

"वाट बघतंय," काका म्हणाले.

"कोणाची?"

"तुझी."

"माझा हात सोडा, घाम आलाय तुम्हाला," मावशी म्हणाली. काकांनी सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी चष्म्याची काच पुसली, म्हणजे पुसली असती. चष्मा त्यांना नाही.

रात्री आठला काकांनी काटे पुढे आणून घड्याळ पुन्हा सुरू केलं. मी निघालो तेव्हा काका नवा कागद घेऊन दारापर्यंत आले.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "दिसायला वाईट आहे, पण बरोबर आहे. एकच खोट आहे."

"काय?"

"खूण करायला चौकोन नाही."

मी खिशातून पेन काढलं. काका मागे सरकले. "हाताने काढलेला चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मी सातही भाषांचे कागद वॉर्डातल्या मशीनवर छापून काचेवर लावले आणि मॅडमच्या टेबलावर अर्ज ठेवला: प्रत्येक गोळीपुढे एक चौकोन असावा. मॅडमनी सही केली. तळघरात येऊन मी 'बूट'मध्ये चौकोनाचं चिन्ह शोधलं. नव्हतं. काकांच्या लिपीतली झाडून सगळी चिन्हं त्याच्याकडे होती, फक्त चौकोन नव्हता.

तरी मी तो मागितला, वॉर्डात गेलो आणि एक प्रत काढली. आपल्याकडे हे चिन्ह नाही म्हणून मशीनने त्या जागी एक रिकामा चौकोन छापला.

काकांनी भिंग लावून तपासला, 'बरोबर' लिहिलं आणि खाली वेळ घातली.